जीआयएसचं सर्टिफिकेट करायचंय? फी भरायच्या आधी वही घेऊन हे गणित मांडा

मागच्या रविवारी माझा मावसभाऊ पिंपळगावहून आला होता. टीवायबीए भूगोल. हातात एका क्लासचं माहितीपत्रक, सहा महिन्यांचं जीआयएस सर्टिफिकेट (जीआयएस म्हंजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्या जागांची माहिती जोडून काम करायचं तंत्र), फी ४०,००० आणि मागच्या पानावर "१०० टक्के प्लेसमेंट". म्हणाला, "ताई, पप्पा म्हणतायत द्राक्षाचे पैसे हातात आहेत तोवर भरून टाकू, नंतर खतं-औषधांत जातील, तू सांग भरू का नको?" मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण नाही. एक जुनी वही काढली आणि आम्ही दोघं दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत बसलो. त्या वहीत जे झालं तेच इथं जरा नीट मांडतेय, कारण नाशिक जिल्ह्यात भूगोल घेऊन बीए-बीएस्सी केलेली अशी खूप पोरं-पोरी आहेत आणि घरचे कष्टाचे पैसे आहेत, ते विचार करूनच जावेत.

माझं स्वतःचं सांगते म्हंजे कुठून बोलतेय ते कळेल. भूगोलात बीए नाशिकलाच केलं, मग असंच एक सर्टिफिकेट, आणि आता काही वर्षं सर्व्हे आणि नकाशांच्या कामात आहे. मला त्या पहिल्या सर्टिफिकेटचा फायदा झाला का? खरं उत्तर असं की कागदाचा फार कमी झाला, आणि त्यानंतर घरी बसून जे तीन नकाशे केले त्यांचा खूप झाला. इथं मी जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका अनुभवावर उभं आहे.

आधी ठरवा कुठल्या दारात उभं राहायचंय

"करिअरला उपयोग होईल का" हा प्रश्न असा मोघम विचारला की कोणी पण हो म्हणतं, क्लासवाले तर म्हणणारच. प्रश्न असा पाहिजे की मला अमुक नोकरी पाहिजे, तिथं हा कागद चालतो का. आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

एमपीएससीची राज्यसेवा देणार असाल तर कुठल्याही शाखेची पदवी लागते, जीआयएसच्या सर्टिफिकेटचा एक मार्क मिळत नाही. भूगोलाचा अभ्यास तिथं उपयोगी आहेच, पण तो पुस्तकातून होतो, सहा महिने सॉफ्टवेअर शिकून नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनी "जोडीला काहीतरी असावं" म्हणून हे करू नये असं मला मनापासून वाटतं, दोन्ही अर्धवट राहतं.

शिक्षक व्हायचंय तर बीएड, टीईटी ही पात्रता परीक्षा आणि टेट (टीएआयटी) ही अभियोग्यता चाचणी ही वाट आहे, कॉलेजवर शिकवायचंय तर एमए किंवा एमएस्सी आणि सेट-नेट. तिथं पण सर्टिफिकेट म्हंजे फक्त बायोडेटातली एक ओळ.

भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम करायचंय असं बरीच खेड्यातली पोरं म्हणतात, आणि इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. भूकरमापकाच्या भरतीत सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावी आणि आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागितला होता, सोबत टायपिंग. म्हंजे ४०,००० च्या सर्टिफिकेटपेक्षा सरकारी आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड तिथं कामाचा, आणि त्याची फी पण खूप कमी. हे त्या माहितीपत्रकात कोणी लिहिणार नाही, लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. भरती निघाली की शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा, "मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी" लिहिलं असेल तर क्लासचं सर्टिफिकेट कितीही रंगीत असू दे, चालणार नाही.

मग उरलं खाजगी जीआयएसचं काम, आणि सर्टिफिकेटची किंमत खरी इथंच ठरते. यात पण थर आहेत. सगळ्यात खालचा थर डिजिटायझेशनचा, म्हंजे उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या फोटोवर रस्ते, घरं, शेताचे बांध माऊसने रेघा मारून काढायचे. त्याच्या वर ॲनालिस्ट, जो डेटा तपासतो, प्रश्नाचं उत्तर काढतो. त्याच्या वर डेटाबेस आणि कोडिंग येणारे लोक. आणि बाजूला एक फिल्डचं काम, डीजीपीएस, ड्रोन, टोटल स्टेशन असली मोजणीची यंत्रं घेऊन. सहा महिन्यांचं साधं सर्टिफिकेट बहुतेक वेळा पहिल्या थरात नेतं, आणि फोटोवरून इमारती-रस्ते आपोआप ओळखणारी सॉफ्टवेअर जशी सुधारत चाललीत तसा हाच थर सगळ्यात आधी पातळ होणार असं माझं मत आहे. म्हणून नुसतं "डिजिटायझेशन शिकवतो" म्हणणाऱ्या कोर्सला मी आज पैसे भरणार नाही.

आणि पदवी अजून पूर्ण नसेल तर आधी ती पूर्ण करा. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, नोकरी करत पदवी होते. पदवीशिवाय सर्टिफिकेट म्हंजे जोत्याशिवाय भिंत.

वीस जाहिराती काढा आणि रेघा मारा

हे काम एका संध्याकाळचं आहे आणि फुकट आहे, तरी दहातले नऊजण करत नाहीत. नोकरीच्या साइटवर "जीआयएस" टाकायचं, गाव आधी नाशिक, मग पुणे, मुंबई, हैदराबाद. फ्रेशर किंवा दोन वर्षांपर्यंत अनुभव मागणाऱ्या वीस जाहिराती निवडायच्या. वहीत पाच रकाने: कुठलं गाव, कुठली पदवी मागितली, कुठली सॉफ्टवेअर, सर्टिफिकेट हा शब्द आहे का, पगार लिहिलाय का. प्रत्येकासाठी एक रेघ.

भाऊ आणि मी हे केलं तेव्हा दोन गोष्टी त्याच्या त्यालाच दिसल्या, मला सांगाव्या लागल्या नाहीत. एक, नाशिकच्या जाहिराती हाताच्या बोटावर, बाकी सगळं बाहेरगावी. दुसरं, सर्टिफिकेट असा शब्द फारच कमी ठिकाणी, पण आर्कजीआयएस, क्यूजीआयएस (ही दोन नकाशांची सॉफ्टवेअर), एक्सेल, ऑटोकॅड, कुठंकुठं पायथन (कोडिंगची भाषा) आणि पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस), हे पुन्हापुन्हा. म्हंजे ते लोक तुम्हाला येतं काय ते विचारतायत. तुम्ही काढाल त्या दिवशी आकडे वेगळे येतील, म्हणून माझे आकडे देत नाही, स्वतःचे काढा.

नाशिकमधे काम अजिबात नाही असं पण नाही. महापालिका, पाणीपुरवठा, जलसंपदा, शेतमाल निर्यात करणाऱ्या कंपन्या, खाजगी सर्व्हेअर या सगळ्यांना नकाशे लागतात, आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्ते, पार्किंग, घाट अशी कामं निघालीत. पण यातलं बरंच काम कंत्राटदारामार्फत आणि ठराविक मुदतीचं असतं. अनुभव म्हणून जरूर घ्या, पण हे काम कायम टिकेल असं धरून घरचं कर्ज काढू नका.

फी म्हंजे खर्च नाही, खर्च वेगळा असतो

इथं जरा थांबून नीट बघा कारण पोरं सगळ्यात जास्त इथंच फसतात. भावाच्या माहितीपत्रकावर ४०,००० होतं. खाजगी क्लासच्या फीवर सहसा १८ टक्के जीएसटी लागतो, तो बऱ्याचदा बारीक अक्षरात असतो, म्हंजे झाले ४७,२००. लॅपटॉप लागणारच, ८ जीबी रॅम आणि एसएसडी हे कमीत कमी, समजा ५५,०००. आता हे पुण्यात जाऊन केलं तर कॉट बेसिस रूम आणि मेस महिना ९,००० धरा, सहा महिन्यांचे ५४,०००. आणि सध्या तो एका दुकानात हिशोबाचं काम करून महिना १२,००० कमावतो, ते सोडावं लागेल, म्हंजे ७२,००० गेले. बेरीज २,२८,२००.

हेच नाशिकमधे संध्याकाळची बॅच करून, नोकरी न सोडता: ४७,२०० अधिक ५५,००० अधिक सहा महिन्यांचं येण्याजाण्याचं ९,०००, झाले १,११,२००.

आणि तिसरा रस्ता, जो पुढे सांगते, फुकटचे कोर्स आणि दोन सर्टिफिकेट परीक्षांची फी: ५५,००० अधिक २,०००, म्हंजे ५७,०००, आणि त्यातला लॅपटॉप तर तुमच्याकडेच राहतो.

आता उलटी बाजू. समजा कोर्सनंतर पुण्यात १८,००० ची नोकरी लागली. भाऊ लगेच म्हणाला, "सहा हजार वाढले की ताई." मी म्हटलं, वजा कर. रूम-मेसचे ९,००० गेले की हातात ९,००० राहतात, आणि आज घरी राहून १२,००० आहेत. म्हंजे पगार वाढला आणि शिल्लक तीन हजारांनी घटली, आणि केलेला खर्च फेडायचा तो वेगळाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. यातली रूम, मेस आणि पगाराची रक्कम आम्ही समजून धरलेली आहे, तुमची तुम्ही टाका, पण गणित याच पद्धतीने करा, शिल्लकीवरून.

याचा अर्थ पुण्याला जाऊ नये असा नाही. पहिल्या वर्षी शिल्लक कमी आणि तिसऱ्या वर्षी चांगली असं होऊ शकतं, माझ्या बरोबरच्या काही जणांचं झालंय. पण मग पहिली दोन वर्षं घरून मदत लागेल हे आधी आई-वडलांना तोंडावर सांगा. अवकाळी किंवा गारपीट झाली त्या वर्षी ती मदत येईल का हे पण विचारा, आपल्याकडे हा प्रश्न खराच आहे.

पैसे भरायच्या आधी चार आठवडे, आपल्याच जिल्ह्यावर

माझा आग्रह आहे की कुठल्याही कोर्सला एक रुपया द्यायच्या आधी हे करा. दोन गोष्टी कळतील, हे काम तुम्हाला आवडतं का, आणि क्लासला जाऊन नेमकं काय शिकायचंय.

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अधिकृत साइटवरून घ्या. आर्कजीआयएस एस्री कंपनीचं, पैसे देऊन घ्यायचं, मोठ्या कंपन्यांत तेच जास्त चालतं. डोकं एकच लागतं, बटणं वेगळ्या जागी असतात, एक नीट आलं की दुसरं पटकन उचलता येतं. फुकट शिकायला इस्रोची देहरादूनची आयआयआरएस संस्था आहे, १९६६ पासून हेच शिकवतेय, त्यांचे छोटे ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि ७० टक्के हजेरी भरली की सर्टिफिकेट पण मिळतं. आपलं कॉलेज त्यांच्या केंद्रांच्या यादीत आहे का हे भूगोलाच्या सरांना विचारा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, ऐकायला फुकट, सर्टिफिकेटसाठी केंद्रावर परीक्षा, तिची फी १,००० रुपये. हे नाव मुलाखतीत ओळखीचं असतं.

पहिला आठवडा नुसता सीआरएस समजण्यात घालवा, म्हंजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी आणतात ते. कंटाळवाणं वाटेल पण पाया हाच आहे. यूटीएम म्हंजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमधे मोजायची पद्धत, नाशिकसाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ईपीएसजी ३२६४३. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, पण आपल्या २० अंशांवर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरच, म्हणून अंशात ठेवलेल्या लेअरवर (लेअर म्हंजे नकाशाचा एक थर) अंतर-क्षेत्रफळाची आकडेमोड केली की बिघडते. आणि हो, २० अंशाची रेघ आपल्या शहरातूनच जाते, म्हणून जुन्या टोपोशीटमधे (सर्व्हे ऑफ इंडियाचे छापील नकाशे) नाशिक दोन शीटांत फाटलेलं आहे, वरचा भाग ४६ एच/१६ मधे आणि खालचा ४७ ई/१३ मधे. रामकुंड एका शीटवर, नाशिकरोड दुसऱ्या शीटवर. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, अजून होतो.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या नाहीतर मामाच्या वावराच्या बांधांवरून पॉलिगॉन, म्हंजे बंद आकृती, काढा, क्षेत्रफळ काढा, आणि सातबाऱ्याशी ताडून बघा. बसणार नाही. का नाही बसलं ते शोधा: पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरला का, बांध कुठला धरला, फोटोच सरकलेला आहे का, भावकीत वाटणी होऊन पोटहिस्सा पडलाय का. या एका वावरात जितकं शिकाल तितकं मला क्लासच्या पहिल्या दोन महिन्यांत शिकायला मिळालं नव्हतं.

तिसरा आठवडा द्राक्षाचा. सेंटिनल-२ हे युरोपचे उपग्रह, फोटो फुकट, दर पाच दिवसांनी त्याच जागेवर, आणि एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हंजे बरोबर एक आर, आपला साधारण एक गुंठा. दिंडोरी-निफाडचा एखादा ओळखीचा बाग घ्या आणि एनडीव्हीआय, म्हंजे हिरवेपणाचा आकडा, काढा: बँड ८ (डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश) वजा बँड ४ (लाल प्रकाश), भागिले दोघांची बेरीज. पानं हिरवी-दाट असली की आकडा वर, उघडं रान असलं की खाली. ऑक्टोबरात बघाल तर चांगल्या बागेचा आकडा धाडकन खाली आलेला दिसेल. ज्याला शेती माहीत नाही तो रिपोर्टमधे लिहील की रोग पडला. तुम्ही लिहाल की गोडी छाटणी झालीय, म्हंजे फळासाठी बाग छाटलीय. एप्रिलमधे खरड छाटणीला परत तेच. हैदराबादच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला हे माहीत नसतं, निफाडच्या पोराला पाळण्यापासून माहीत असतं, आणि माझ्या मते हीच तुमची खरी किंमत आहे, ती कुठल्याच सर्टिफिकेटवर छापून येत नाही. (जून ते सप्टेंबर ढगांमुळे हे फोटो फारसे कामाचे नसतात, तेव्हा सेंटिनल-१ चा रडार वापरतात, पण ते नंतर.)

चौथ्या आठवड्यात पाणी. ३० मीटरचं फुकट उंचीचं मॉडेल, ज्याला डीईएम म्हणतात, ते घ्या आणि ब्रह्मगिरीपासून गंगापूर धरणापर्यंतचं पाणलोट क्षेत्र काढा, काश्यपी आणि गौतमी-गोदावरी धरणं त्यावर मांडा. मग मोह होईल की दुतोंड्या मारुतीच्या (गोदाकाठची मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पूर मोजतात) कुठपर्यंत पाणी आलं की कुठला भाग बुडतो याचा पण नकाशा करू. करून बघा, आणि तो का चुकतो ते लिहा. ३० मीटरच्या एका चौकोनात घाटाच्या पायऱ्या, रस्ता, दुकानं सगळं एकत्र होऊन जातं, त्यावरून सराफ बाजारात पाणी कुठवर येईल हे सांगता येत नाही. आपला डेटा कशाला पुरत नाही हे जो पोरगा स्वतःहून सांगतो त्याला मुलाखत घेणारा लक्षात ठेवतो, हे मी आता समोरच्या खुर्चीत बसून सांगतेय.

चार आठवड्यांनी स्वतःला विचारा. रात्री अकरा वाजता एरर आला तरी सोडवल्याशिवाय झोपावंसं वाटत नव्हतं? मग पुढे जा. दुसऱ्याच आठवड्यात लॅपटॉप उघडायचा कंटाळा येत होता? मग घरचे ४०,००० वाचले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फिल्डवर रमणारी पोरं वेगळी असतात, त्यांनी सर्व्हेअर ट्रेड नाहीतर ड्रोनकडे बघावं. ड्रोनसाठी १८ वर्षं पूर्ण आणि दहावी पास लागतं आणि डीजीसीए-मान्य (डीजीसीए म्हंजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं) संस्थेतलंच रिमोट पायलट सर्टिफिकेट चालतं, एवढं तपासून घ्या.

क्लासमधे जाऊन काय विचारायचं

आता पुढे जायचं ठरलं आणि शिकवणारं कोणी समोर पाहिजे असं वाटतंय तर क्लास बघा, त्यात वाईट काही नाही, काहींना एकट्याने जमत नाही. पण जाताना एकटे जाऊ नका आणि पहिल्या दिवशी पैसे देऊ नका, "आज भरलं तर पाच हजार डिस्काउंट" म्हणाले तर अजिबातच नाही.

माझ्या वेळी मी एका खाजगी क्लासला अशीच पहिल्या दिवशी भरली होती. तिथं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं होतं, खूप जुनं व्हर्जन, आणि सरावाचा डेटा सगळा सॉफ्टवेअरसोबत आलेला, अमेरिकेतल्या कुठल्या गावाचा. "इथं क्लिक, मग इथं क्लिक, आलं का सगळ्यांचं?" असं सहा महिने. पहिल्या मुलाखतीत मला विचारलं की शेताचं क्षेत्रफळ चौरस मीटरऐवजी ०.००००-असं काहीतरी येतंय, काय चुकलं असेल? मला उत्तर आलं नाही. लेअर अंशात होता, एवढंच उत्तर होतं, आणि सहा महिन्यांत तो विषय आमच्याकडे एकदा पण निघाला नव्हता. घरी आल्यावर आईने विचारलं काय झालं तेव्हा मला रडूच आलं, कारण ती फी तिच्या भिशीची होती. म्हणून तुम्हाला सांगते, हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

सर्टिफिकेटवर नाव कोणाचं, विद्यापीठाचं का फक्त क्लासचं? "विद्यापीठाशी संलग्न" म्हणत असतील तर ते विद्यापीठाच्या साइटवर दिसतं का, तिथंच फोनवर उघडून बघा. शिकवणाऱ्या सरांनी स्वतः कुठल्या प्रोजेक्टवर काम केलंय? सॉफ्टवेअरचं लायसन्स कोणाचं, आणि कोर्स संपल्यावर माझ्याकडे काय उरतं? शेवटचा प्रोजेक्ट प्रत्येकाचा वेगळा का सगळ्यांचा एकच? मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला द्याल का, तुम्ही निवडलेले नकोत, हजेरीपटातून मी बोट ठेवीन ते? प्लेसमेंट म्हंजे नेमणूकपत्र का नुसता मुलाखतीचा कॉल? मधेच सोडलं तर किती पैसे परत, आणि ते पावतीवर लिहून देणार का?

आणि एक लेक्चर फुकट बसू द्या म्हणा. बसल्यावर शांतपणे विचारा, सर, नाशिक कुठल्या टोपोशीटमधे येतं? लगेच नाही आलं तरी हरकत नाही, पण "चल बघू" म्हणून शीटचा इंडेक्स उघडला तर तो माणूस शिकवणारा आहे. "ते सिलॅबसमधे नाही" म्हणाला तर उठा.

विद्यापीठाचा पीजी डिप्लोमा किंवा एमएस्सी हा वेगळा विचार आहे. वर्ष-दोन वर्षं जातात, पण सरकारी जाहिरातीत धरलं जाण्याची शक्यता तिथंच असते, आणि कँपसवर येणाऱ्या कंपन्या, बरोबरची पोरं, सिनिअर यांची ओळख आयुष्यभर कामी येते. वय २१-२२ असेल, घरची ताकद असेल आणि चार आठवड्यांची परीक्षा पास झाला असाल तर मी सहा महिन्यांच्या महागड्या सर्टिफिकेटपेक्षा हेच सुचवेन. ज्यांच्याकडे आधीच दुसरी विद्या आहे, बीएस्सी ॲग्री, सिव्हिल, कॉम्प्युटर, त्यांना उलट छोटं स्वस्त सर्टिफिकेट पुरतं, कारण त्यांची नोकरी मूळ पदवीवर लागते आणि जीआयएस ही वरची जोड. नुसता भूगोल असलेल्यांनी एक जोड स्वतःहून घ्यावी, एक्सेल अगदी पक्कं, आणि मग थोडं पायथन किंवा डेटाबेस. त्याला घाबरू नका, भूगोलवाल्यांना जमतं.

कागद हातात आल्यावर

बायोडेटाच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेटचं नाव एका ओळीत, आणि खाली तीन नकाशांची लिंक. प्रत्येक नकाशाला शीर्षक, स्केल, उत्तर दिशा, सूची, डेटा कुठून घेतला आणि कुठल्या तारखेचा, आणि दोन परिच्छेदांत काय विचारलं, काय सापडलं, काय सापडू शकलं नाही. वावराचा, बागेचा, पाणलोटाचा, हे तुमच्याकडे आधीच आहेत. लोकसंख्येचा काही करणार असाल तर गावनिहाय आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत हे ठळक लिहा, नाहीतर समोरचा पहिलं तेच विचारतो.

पहिली नोकरी डिजिटायझेशनची मिळाली तर घ्या, पण सहा महिन्यांची मुदत मनात ठेवा आणि त्या काळात क्वालिटी चेकच्या टीमकडे जायचा प्रयत्न करा, चुका शोधता शोधता माणूस ॲनालिस्ट होतो. पीस रेटवर, म्हंजे नगावर पैसे, काम देत असतील तर दिवसाला खरोखर किती पॉलिगॉन होतात हे जुन्या माणसाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणाऱ्या ऑफिसात जाऊच नका, झेरॉक्स द्या.

आणि फी आधीच भरली असेल तर

बऱ्याच जणांचं हेच असेल. हळहळत बसू नका, जे भरलंय ते पुरेपूर वसूल करा. क्लासचा डेटा बाजूला ठेवून प्रत्येक धडा आपल्या गावावर परत करा, त्यांनी बफर (एखाद्या जागेभोवती ठराविक अंतराचा घेरा) शिकवला तर तुम्ही घरी आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांना बफर लावा. सरांना सीआरएसचे प्रश्न विचारून विचारून हैराण करा, तो तुमचा हक्क आहे. शेवटचा प्रोजेक्ट दिलेला घेऊ नका, आपला मागा. पावती, माहितीपत्रक, "प्लेसमेंट" लिहिलेले मेसेज सगळं जपून ठेवा, कारण वाद झालाच तर ग्राहक आयोगात तोंडी बोललेलं टिकत नाही, लिहिलेलं टिकतं.

भावाने अजून फी भरलेली नाहीये. काल रात्री त्याचा फोन आला, सातबाऱ्यापेक्षा त्याचं क्षेत्र ११ गुंठे जास्त भरतंय म्हणे. मी म्हटलं पोटखराबा मिळव. म्हणाला, "मिळवला ताई, तरी चार उरतात, उद्या सकाळी पप्पांना घेऊन बांधावर जातो."